कोरड्या विहिरीचं तेल

मी खडकांच्या कामातली बाई. पुरावा नसेल तर घरच्यांचंही ऐकत नाही. असले गूढ अनुभव वाचून आजवर हसतच आले. पण हे माझ्यासमोर घडलंय… म्हणून लिहितेय.

वाशीला आमचं तेलशोधाचं ऑफिस. हिमालयाच्या पायथ्याशी, डोंगराच्या भाराने जमीन वाकून गाळाचं जे खोल खोरं झालंय, तिथला एक ब्लॉक, म्हणजे तेल शोधायला सरकारने दिलेला पट्टा, आमच्याकडे होता. माझे सीनिअर कांबळे सर वर्षानुवर्षं त्याच्याच मागे होते. एकच विहीर खणली, ती कोरडी निघाली. सर म्हणायचे, "नसीम, तेल आहे तिथे. आपण चुकीच्या बाजूला खणलं."

मग सरांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं गेलं, उजवा हात गेला. जुईनगरला घरी पडून असायचे. ब्लॉक ठेवायचा की सोडायचा, तो शेवटचा रिपोर्ट माझ्याकडे आला.

एका दुपारी जेवण झाल्यावर मी त्या विहिरीच्या कोअरची — खोलातून काढलेल्या खडकाच्या गोल तुकड्यांची — पेटी उघडली. राखाडी, सुका वालुकाश्म. कितीदा पाहिलेला. त्यावर तळवा ठेवला आणि कच्च्या तेलाचा वास आला. हात उचलला तर काळा, चिकट.

शेजारच्या टेबलावरून सुजाता म्हणाली, "काय सांडलंस गं? केवढा वास…"

तेवढ्यात फोन वाजला. सरांच्या मिसेस, काकू.

"नसीम, ह्यांच्या उजव्या हाताला काळं लागलंय. टॉवेलने पुसलं तरी परत येतंय. फील्डवरून यायचे ना, तेव्हाचा तो वास…"

मी माझ्या काळ्या तळव्याकडे पाहिलं.

संध्याकाळी काकूंकडून तो टॉवेल आणला. टॉवेल आणि खडक, दोन्ही लॅबला दिले. टॉवेलवर कच्चं तेल निघालं. खडकात — काहीच नाही.

रिपोर्टमध्ये टॉवेल कसा लिहिणार? 'तेलाच्या खुणा नाहीत' असं लिहून सही केली आणि सरांना सांगायला गेले. त्यांनी डाव्या हाताने माझा हात ओढून आपल्या उजव्या तळव्यावर ठेवला. तळवा स्वच्छ होता. पण गरम… खोल विहिरीतून नुकत्याच वर आलेल्या खडकासारखा.

आठवड्याभरात सर गेले.

अंथरुणातल्या माणसाच्या हातावर तेल कुठून आलं, मला आजही माहीत नाही. सरांचं खरं होतं का, तेही आता कळायचं नाही. ब्लॉक सोडून दिला… आणि त्या कागदावर सही माझी आहे.