जन्मतः व्यंग : निरंक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, नेरळच्या बहिणीला नाही, देवालाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

मी कर्जत तालुक्यातल्या एका उपकेंद्रात सिस्टर होते. बाळंतपणाच्या रजिस्टरमध्ये एक रकाना असायचा — जन्मतः व्यंग. त्यात काही लिहिलं की वेगळा फॉर्म, तालुक्याहून फोन, साहेबांची भेट. मग मी काय लिहायची? निरंक. आम्ही सगळ्याच तेच लिहायचो, आणि मीटिंगमध्ये साहेब म्हणायचे, आपल्याकडे असली बाळं फारशी नसतातच. आम्ही माना डोलवायचो. आम्हीच पुसलेली बाळं त्यांना दिसणार कुठून?

वनिता डोंगराखालच्या वाडीतली. नवरा माथेरानला हॉटेलात कामाला. तिचं पहिलं बाळ उघड्या पाठीचं जन्मलं — कण्यावर कातडीच नव्हती. दुपारपर्यंत जगलं. मी कारण लिहिलं, कमी वजन. त्यावर कुणी काही विचारत नाही.

वनिताने विचारलं. "सिस्टर, माजं काय चुकलं?"

मला उत्तर ठाऊक होतं. पुढच्या खेपेला दिवस जायच्या आधीपासून फॉलिक ॲसिडची जादा गोळी, डॉक्टरांना दाखवून — ट्रेनिंगमध्ये घोटून घेतलं होतं. पण तिला मोठ्या डॉक्टरांकडे धाडायचं म्हणजे आधी खरं लिहायला हवं. तेवढ्यात सासू म्हणाली, "गिराणात कोयता धरलान हिनं. नको म्हनत व्हते मी." आणि मी — पांढरा कोट घातलेली शहाणी बाई — हो म्हणाले. वर सांगितलं, पुढच्या वेळी ग्रहण नीट पाळ गं.

तिनं पाळलं. वाडीत तीन महिने होईपर्यंत पोटातलं कुणाला सांगत नाहीत, दृष्ट लागते म्हणून. नाव नोंदवायला आली तेव्हा चौथा लागला होता. बाळाच्या पाठीचा कणा पहिल्या महिन्यातच मिटून बंद होतो. हेही मला ठाऊक होतं, तरी गोळ्यांची पाकिटं तिच्या हातात कोंबून मी मोकळी झाले. ग्रहणात घोटभर पाणीसुद्धा घेतलं नाही, सरळ पडून होते, असं ती मला सांगत होती. शाबासकी हवी होती तिला. मी दिली.

या खेपेला मुलगी झाली. तशीच. संध्याकाळी गेली. या वेळी वनिताने काही विचारलं नाही. आपणच म्हणाली, "निजल्या निजल्या कूस बदलली असंल मी."

गोळीने टळलंच असतं, असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. या एका वाक्याच्या आडोशाला मी किती वर्षं बसले — लाज वाटते का? वाटते. पण तेव्हा जेवण जात होतं, झोप लागत होती.

निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ मिळालं. साहेब म्हणाले, यांच्या भागात व्यंगाचं एक बाळ नाही. टाळ्या वाजल्या. मी हात जोडले.

रजिस्टरात वनिताच्या त्या मुलीपुढेही मी कमी वजनच लिहिलं होतं. तीन किलोची होती ती. काट्यावर मीच घातली होती.