पार्कसाहेबांची शिकवणी

"म्याडम, तुमचे विद्यार्थी मुके आहेत का हो?"

भामरेसाहेबांनी मला जिन्यातच गाठलं. ते कंपनीचे पर्सोनेल मॅनेजर. मूळचे सटाण्याकडचे. एरवी शुद्ध बोलायचे, पण चिडले की थेट अहिराणीत जायचे.

"वर्गाच्या दाराबाहेर केव्हाचा उभा होतो. नुसता तुमचाच आवाज. काय शे हाई?"

वर्ग सुरू होऊन दुसरा आठवडा लागला होता आणि वर्गात खरोखरच माझ्याशिवाय कोणी बोलत नव्हतं.

ही गोष्ट अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यातली, दोन हजार सालाच्या आसपासची. तिथे गाड्यांचे पत्र्याचे भाग बनायचे. कंपनीने कोरियाहून नव्या प्रेस मशीन आणल्या होत्या, आणि त्या बसवून आमच्या ऑपरेटरांना शिकवायला सहा कोरियन इंजिनिअर वर्षभरासाठी नाशिकला येऊन राहिले होते. त्यांना मराठी येत नव्हती, आमच्या लोकांना कोरियन येत नव्हती. मध्ये उरली इंग्रजी, आणि ती दोन्हीकडच्यांनी लांबूनच पाहिलेली. म्हणून त्या सहा जणांना इंग्रजी बोलायला शिकवण्यासाठी मला नेमलं होतं.

त्याआधी मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढाच पगार, आणि उन्हाळा आला की "जूनमध्ये बघू." ही माझी पहिली धड नोकरी. सकाळी द्वारका चौकात कंपनीच्या बसमध्ये चढताना गळ्यातलं ओळखपत्र मी मुद्दाम ओढणीच्या वर काढून ठेवायचे. कोणी बघो न बघो.

"महिनाअखेर ट्रायल रन आहे," भामरेसाहेब म्हणाले. ट्रायल रन म्हणजे नवी लाइन पहिल्यांदा आमच्या माणसांच्या हातून चालवून बघायची. "त्याआधी ही माणसं बोलती झाली तर ठीक. नाहीतर चेन्नईचा एक दुभाष्या बघून ठेवलाय मी. मग तुमचं काम उरणार नाही. राग मानू नका."

राग कसला मानणार, बरोबरच होतं त्यांचं. प्रेस म्हणजे खाली साचा, वर साचा, मध्ये पत्रा. वरचा साचा खाली येतो आणि पत्र्याला आकार देतो. मध्ये पत्रा आहे की हात, हे त्याला कळत नाही. आमच्या लाइनचे सुपरवायझर सोनवणे यांच्या डाव्या हाताचं एक बोट अर्धंच होतं. जुन्या प्रेसवर गेलेलं. अशा मशीनवर एकाने सांगितलेलं दुसऱ्याला कळलं नाही तर काय होतं, ते त्या बोटाकडे पाहून समजायचं.

मला कोरियन माणसांबद्दल काहीही माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर सगळे उठून कमरेत वाकले. मीही वाकले. मग त्यांचे प्रमुख पार्कसाहेब, पन्नाशी ओलांडलेले, करड्या केसांचे, त्यांनी गंभीरपणे विचारलं, "टीचर, हाऊ ओल्ड आर यू?" मी चकित झाले. नाशिकमध्ये अनोळखी माणूस बाईला लग्न झालं का ते विचारतो, पण वय जरा दमानं विचारतो. मी सांगून टाकलं, एकतीस. पार्कसाहेबांनी मान हलवली, बाकीच्यांनीही हलवली, आणि पुढे आठ-दहा दिवस त्या खोलीत त्याहून मोठं संभाषण झालं नाही.

आधी वाटलं, यांना इंग्रजी येतच नसेल. म्हणून लेखी परीक्षा घेतली. पाच जणांचे पेपर माझ्या कॉलेजच्या पोरांपेक्षा स्वच्छ! किम नावाचा सगळ्यात तरुण इंजिनिअर होता, त्याचा तर जवळजवळ पैकीच्या पैकी. पार्कसाहेबांचा पेपर मात्र अर्धा कोरा होता. मी तो सगळ्यांत खाली घालून ठेवला, आणि त्यांचं वय झालंय, एवढाच अर्थ काढला.

मग प्रश्न असा, की येतं तर बोलत का नाहीत? नोकरीची काळजी होतीच, पण खरं सांगायचं तर मला आता कुतूहलच जास्त वाटायला लागलं. मी दुपारचा डबा त्यांच्या टेबलावर जाऊन खायला लागले.

एक दिवस सोनवणे सायखेड्याहून द्राक्षांची पेटी घेऊन आले. भावाच्या बागेतली, टिचकी मारली तर फुटेल अशी. पेटी कोरियन टेबलावर ठेवली. सहाही जण द्राक्षांकडे बघत बसले, हात कोणी लावेना. शेवटी पार्कसाहेबांनी एक मणी उचलला, तोंडात पिळून गर खाल्ला आणि साल बशीत काढून ठेवली. त्यानंतर बाकीचे हात पुढे आले आणि सगळ्यांनी तसंच सुरू केलं. बशीत सालींचा ढीग!

सोनवणे माझ्या कानाशी लागले. "म्याडम, ह्यांना द्राक्षं खाता येत नाय का? लय बारीक साल हाय ओ ह्याची."

"त्यांच्याकडची साल जाड असेल," मी म्हटलं.

"आन् म्हातारबाबाच्या आधी कोनीच हात लावला नाय. पाह्यलं का?"

पाहिलं होतं. मग मी तेच बघत राहिले. पाणी कोण कोणाला ओतून देतं, पेला किती हातांनी धरतं, दारातून आधी कोण बाहेर पडतं. सगळं पार्कसाहेबांपासून सुरू व्हायचं आणि किमपाशी संपायचं. पार्कसाहेबांना नावाने हाक कोणीच मारत नसे. बुजांगनिम म्हणत, म्हणजे खात्याचे प्रमुख, वर मानाचा प्रत्यय.

उलगडा झाला तो पार्कसाहेब मुंबईला गेले त्या दिवशी. वर्गात पाचच जण. मी सहज विचारलं, सुट्टीत काय केलं? आणि धरणाचं दार उघडावं तसे सगळे एकदम बोलायला लागले. एक जण पांडवलेण्याला चढून गेला होता. दुसऱ्याला मिसळीने रडवलं होतं. किमने स्वतःच्या आईची नक्कल केली. इतका गोंगाट झाला की शेजारच्या अकाउंट्समधून माणूस बघायला आला.

वर्ग सुटल्यावर मी किमला थांबवलं. "रोज का बोलत नाही?"

तो ओशाळला. इकडेतिकडे बघून म्हणाला, "टीचर, बुजांगनिम इंग्लिश... लिटल. आय स्पीक वेल, ही फील स्मॉल. व्हेरी बॅड."

एवढं साधं! साहेबाला येत नाही ते आपल्याला येतं, हे साहेबासमोर दाखवायचं नाही. मी बसमध्ये बसल्या बसल्या हसले. आमच्याकडे तरी काय वेगळं आहे? प्राचार्यांचं स्पेलिंग चुकलं तर त्यांच्या तोंडावर कोण सांगतं? फरक इतकाच, की आम्ही मागून सांगतो, हे मागूनही सांगत नाहीत.

कारण कळलं, पण उपाय? भामरेसाहेब म्हणाले, "त्यांना वेगळं शिकवा."

"का वेगळं, असं ते विचारतील. काय सांगू?"

"मग बाकीच्यांना वेगळं शिकवा."

"तरी तेच. आणि ट्रायलला सगळे एकत्रच असणार ना? तिथे पुन्हा मुके."

"मग तुम्हीच बघा ब्वा," म्हणून त्यांनी हात झटकले.

मी दोन दिवस विचार केला. मग सरळ पार्कसाहेबांच्या केबिनमध्ये गेले, वाकले आणि म्हटलं, "सर, मला कोरियन शिकायचंय. वर्गाच्या आधी अर्धा तास शिकवाल का?"

ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग खुर्ची दाखवली.

माझा हिशेब सोपा होता. मला कोरियन येत नाही, म्हणजे शिकवायचं तर त्यांना इंग्रजीतच शिकवावं लागणार. आणि विद्यार्थिनी मी, त्यामुळे चुकायची तेही मीच. पहिल्या दिवशी त्यांनी वयाचे दोन शब्द सांगितले. "चाइल्ड, नाइ. माय फादर, नो नाइ. माय फादर, यॉन्से." मी मुद्दाम म्हटलं, "माझ्या मुलाचं यॉन्से पाच." पार्कसाहेब पोट धरून हसले. "नो, नो! युवर सन इज नॉट ग्रँडफादर!" अख्खं वाक्य, तेही बिनचूक! वर्गाच्या पहिल्या दिवशी माझं वय का विचारलं होतं, तेही त्याच तासाला कळलं. समोरच्याचं वय कळल्याशिवाय त्यांना क्रियापदच निवडता येत नाही. आपल्याकडे तू की तुम्ही म्हणून अडतं ना, तसंच, पण पावलोपावली.

मला ते शिक्षण मनापासून आवडायला लागलं. त्या अर्ध्या तासात जी वाक्यं यायची, तीच मी पुढच्या वर्गात घ्यायचे आणि पहिला प्रश्न पार्कसाहेबांना विचारायचे. ते उत्तर द्यायचे. मग द्राक्षांच्या वेळेसारखे त्यांच्यामागून बाकीचे बोलायचे. साहेबांच्या फार पुढे जात नसत, किम तर मुद्दाम अडखळायचा असा मला दाट संशय आहे. पण बोलायचे. भामरेसाहेब एकदा दारातून डोकावून परत गेले.

ट्रायलचा दिवस उजाडला. लाइनवर सोनवणे आणि त्यांचे ऑपरेटर रांगेत उभे. मी एका कडेला, भामरेसाहेब दुसऱ्या. पार्कसाहेबांनी स्वतः समजावलं. सावकाश, छोट्या वाक्यांत. पत्रा अडकला तर काय करायचं? आधी लाल बटण दाबा. मग चावी फिरवून काढा, स्वतःच्या खिशात घाला. मगच साच्यात हात. चावी तुमच्या खिशात असताना दुसरा कोणी मशीन चालू करूच शकत नाही.

"अंडरस्टँड?"

"येस सर!" सगळे एका सुरात.

तो सूर मला ओळखीचा होता. माझ्या कॉलेजच्या वर्गातून तो मी वर्षानुवर्षं ऐकला होता. न कळलेल्याचा सूर तो. पण आपल्या सुपरवायझरसमोर, मॅनेजरसमोर, परक्या साहेबासमोर "नाय समजलं" कोण म्हणणार? आणि मी तरी मध्ये कशी बोलणार?

पार्कसाहेबांनी रांगेवरून नजर फिरवली. मग ते सोनवणेंसमोर गेले आणि किंचित वाकले.

"सोनवणे-निम... नो. सोनवणे साहेब. आय वाँट लर्न मराठी. यू टीच मी. शीट स्टक. व्हॉट आय डू?"

सोनवणे गोंधळले. माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "शिकवा की त्यांना."

सोनवणे मशीनपाशी गेले आणि हाताने दाखवत सांगू लागले. "हे पाहा साहेब. पत्रा अडकला ना, आधी हे लाल बटन दाबायचं." पार्कसाहेबांनी दाबलं. "लाल बटन," असंही म्हणाले. "मग हात घालायचा, पत्रा काढायचा..."

पार्कसाहेबांनी हात साच्याकडे नेला आणि मध्येच थांबवला. मशीनच्या चावीकडे पाहिलं. ती जागेवरच होती. "सॉरी," ते म्हणाले. "आय ॲम स्लो स्टुडंट. वन्स मोअर."

सोनवणे पुन्हा सुरुवातीपासून सांगायला लागले. लाल बटणाच्या पुढे आले आणि अडले. त्यांनी स्वतःच्या अर्ध्या बोटाने कपाळ खाजवलं.

"थांबा थांबा. म्याडम, विचारा ओ त्यांना. चावी आधी काढायची का? का नुसतं बटन दाबलं तरी चालतं?"

लाइनवरचा तो पहिला प्रश्न. त्याच्यामागे रांगेतून धडाधड प्रश्न आले. मशीनवर दोघं असतील आणि चावी एकच, तर? जेवणाच्या सुट्टीत चावी कोणाकडे? पार्कसाहेब उत्तरं देत होते, अडलं की किमकडे वळत होते, आणि किम त्यांच्यासमोर खणखणीत इंग्रजीत बोलत होता. चेन्नईचा दुभाष्या काही आला नाही. मी पुढे तिथे चार वर्षं काढली.

त्या संध्याकाळी मी पार्कसाहेबांना विचारलं, "सर, ही युक्ती तुम्हाला कशी सुचली?"

ते म्हणाले, "टीचर, इन नाशिक, नोबडी नीड कोरियन."

म्हणजे युक्ती माझीच! पहिल्याच दिवशी, केबिनमध्ये माझ्याकडे बराच वेळ बघत होते तेव्हाच, त्यांना सगळं कळलं होतं. तरी रोज अर्धा तास त्यांनी मला शिकू दिलं.

त्यानंतर मी कुठल्याच वर्गात "समजलं का?" असं विचारलं नाही. हो म्हणायला कोणाचं काय जातं? फळ्यापासून बाजूला होते, खडू समोरच्याच्या हातात देते आणि सांगते, आता मला शिकव.