काळ्या भाताची तुसं

सरकारी कचेरीतली माझी सगळी कारकुनी जमिनीचे उतारे लिहिण्यात गेली. सड्याचा, डोंगरावरच्या उघड्या सपाटीचा, कातळ आला की पुढे ‘पोटखराब’ लिहायचं, म्हणजे पिकाला निरुपयोगी. हात इतका सरावलेला की विचार करायची गरजच पडत नसे. निवृत्तीनंतर पालीच्या पुढे, गावातल्या आमच्या सामायिक सड्याला एका चिरेखाणवाल्याने मागणी घातली, तेव्हा मला घबाडच सापडलं. रत्नागिरीत ब्लॉक घ्यायचं माझं स्वप्न होतं आणि ते नुसत्या दगडावर पुरं होणार होतं! सह्या मात्र दोन लागणार होत्या, माझी आणि वहिनीची.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यापासून सड्याखालचे चार कुणगे, भातशेतीचे तुकडे, ती एकटी कसते. पावसाळ्यात एक भात, आणि झऱ्याच्या पाण्यावर उन्हाळ्यात दुसरं. खाण पडली की झरा आटेल, एवढंच तिचं म्हणणं.

“वहिनी, खाण वर, झरा खाली अर्ध्या कोसावर. काहीतरीच काय तुमचं!”

“तुमी शिकलेले, भावजी. माज्यासंगती सड्यावर चला फकस्त.”

श्रावण होता. वहिनीने टोपलीभर तुसं घेतली, काळी कुळकुळीत. त्या भाताचं बियाणं गावात आता तिच्याकडेच उरलंय. सड्यावर घोटाभर पाणी आणि नजर पोचेल तिथवर जांभळी फुलं. मधेच कातळाला घागरीच्या तोंडाएवढं भोक होतं. पाणी त्यात गटागटा उतरत होतं. तिने टोपली तिथे रिकामी केली.

“झाली का पूजा?” मी चेष्टा केली.

“बगूया,” ती म्हणाली.

दोन दिवस सकाळी मी तिच्याबरोबर झऱ्यावर गेलो. खरं सांगायचं तर तिची फजिती बघायलाच. पाणी नितळ. तिसऱ्या दिवशी कातळाच्या फटीतून एक काळं तूस बाहेर आलं. मग आणखी दोन. मग रांगच लागली. खालच्या वाड्यांतल्या बायका हंडे भरायच्या थांबून बघत राहिल्या. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी ओंजळ धरली, तर तुसं हाताला चिकटली. त्या मेलेल्या दिसणाऱ्या दगडाच्या पोटातून पाणी तीन दिवस अंधारात चालत आलं होतं. ते माझ्या जन्माआधीपासून येत होतं. याच पाण्यावर मी वाढलो, आणि जन्मभर त्या दगडापुढे काय लिहीत बसलो! मला लाज वाटली, आणि हात जोडावेसेही वाटले.

वहिनीने हंडा डोक्यावर घेतला. “आता करा सही, करायची तर.”

दुपारी खाणवाला कागद घेऊन आला. मी म्हणालो, पेन नाही माझ्याकडे. खिशाला लावलेलं पेन त्याला दिसत होतं.