ठमाबाईचं जवस

मूल तालुक्यातल्या एका गावात जवस कोणाच्याही घरी भाजायचं असो, बोलावणं ठमाबाईला. ती चुलीजवळ नुसती बसे. "उतर आता," म्हणाली की कढई उतरायची. जरा आधी उतरली तर चटणी कच्ची, जरा उशीर झाला तर कडू. तेल ताजं की खवट, तेही तिचं नाकच सांगे.

गेल्या वर्षीच्या तापात तिला वास येईनासा झाला. तिनं सुनेला, रिनालाही सांगितलं नाही. बोलावलं की जाई, आणि दाण्यांच्या तडतडीवर कान ठेवून अंदाजानं बोले.

तिचं जवस बारीक दाण्याचं. लग्नात आईनं पदरात बांधून दिलेलं. घरोघरी पाकिटातलं तेल आलं, बाकीच्यांनी जवस पेरणं सोडलं आणि ते बी गावात तिच्याकडेच उरलं. दरवर्षी धान कापायच्या आठेक दिवस आधी, बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, ओल असतानाच, ती ते उभ्या धानात फेके. पुढं धसकटांत निळी फुलं डोलत.

कोपऱ्यात दोन सारखी गाडगी होती. एकात बियाणं, दुसऱ्यात चटणीसाठी भाजलेलं. खूण करायची गरज कधी पडली नव्हती. नाकाशी नेलं की कळायचं. यंदाही तिनं सवयीनं नाकाशी नेलं, आणि एक उचलून त्यातलं उभ्या धानात फेकलं.

धान निघालं. शेजारच्या वच्छलेनंही धानात लाखोळीचं कडधान्य फेकलं होतं; ती बांधावरून ओरडली, "ठमाबाई, माई लाखोळी बोटभर झाली! तुयं जवस झोपून राह्यलं का वो?"

ठमाबाई हसली. मग वाकून चिखल उकरला. दाणे फुगून काळे पडलेले. एकालाही मोड नव्हता.

ती तशीच घरी आली.

"रिना, कोपऱ्यातलं गाडगं कुठी हाय?"

"धुवाचं हाय, आई. जवस सरलं. कालच सारं भाजून चटणी केली."

"भाजून? भाजलेलंच होतं नं ते?"

रिना घुटमळली. "कच्चं लागलं मले. वाटलं, आईचा हात चुकला. तुमाले वाईट वाटंल म्हणून बोलली नाई."

ठमाबाईनं गाडगं तळहातावर उलटं करून आपटलं. थोडी भुकटी पडली. बियाण्याचा दाणाही नव्हता.

रिनानं चटणीची वाटी पुढं केली. "पाहा नं, जमली का?"

ठमाबाईनं वाटी नाकाशी नेली, तशीच खाली ठेवली.

"मले वास येत नाई, रिना," ती म्हणाली. "वरीस झालं."