पेट्रोल भरताना

आमच्या वारज्याच्या सोसायटीत पावसाळ्याआधी फांद्या छाटायला एक गृहस्थ येतात. त्यांचा पाय एका जागी ठरत नाही. झाडाभोवती फेऱ्या मारत स्वतःशीच पुटपुटतात, चहासुद्धा चालता चालता पितात. त्यांना पाहून मलाही उगाच घाई सुटते.

यंदा फाटकावरची गुलमोहराची फांदी अर्धी कापून झाली आणि करवतीच्या मशीनमधलं पेट्रोल संपलं. फांदी लोंबत होती आणि मुलांना घेऊन शाळेची बस यायची वेळ झाली होती. खालून कोणी जाऊ नये म्हणून त्यांनी फाटकाला आडवी दोरी बांधली, मशीन लांब नेऊन जमिनीवर ठेवलं आणि शेजारी चक्क मांडी घातली.

“अहो, भरा ना पटकन!” मी म्हणालो.

“तापलंय, साहेब. निवू द्या. बस थांबंल भाईर.”

मला राहवेना. मी पेट्रोलचा डबा उचलून टोपण उघडलं. त्यांनी झडप घालून माझं मनगट धरलं, तरी थोडं पेट्रोल माझ्या पँटवर सांडलंच.

“आधी कपडे बदलून या. तोवर मी मशीन चालू करणार न्हाई.”

सोसायटीचा सेक्रेटरी मी. चारचौघांत ऐकून घ्यावं लागल्याने कान तापले, पण वर गेलो. परतलो तेव्हा बस बाहेर उभी होती आणि मुलं खिडक्यांतून ओरडत होती. ते सावकाश पेट्रोल भरत होते. झाकण आवळून त्यांनी मशीन फडक्याने पुसलं, मग सरळ माझे हात हुंगले.

“साबण लावला न्हाई.”

मी नळावर गेलो. साबण लावून आलो, तेव्हा कुठे त्यांनी मशीन डब्यापासून दहा पावलं दूर नेलं आणि ते चालू करायची दोरी ओढली.