निळ्या कानाचा खंड्या
शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की काकांची एअरगन आठवते, ते ती त्याच तेलाने पुसत. एका रविवारी ते जवळच्या बबिन्याहून झाशीला आमच्याकडे आले आणि बाबांचे एक मित्र आम्हाला बेतवा नदीवर घेऊन गेले. समोरच्या खडकावर इवलासा खंड्या बसला होता. काका म्हणाले, “हा निळ्या कानाचा. कोकणात पाहिलाय मी.” मित्र हसले, “भाईसाहब, यहाँ तो सिर्फ नारंगी कान वाला मिलता है.” ते हसणं काकांना झोंबलं. “तुझी नजर चांगली आहे. कानाजवळची पिसं कुठल्या रंगाची गं?” त्यांनी मला विचारलं. उन्हाने डोळे दिपले होते, मला काहीच दिसलं नव्हतं. पण काका जिंकावेत म्हणून मी म्हणाले, “निळी.” “आत्ता दाखवतो,” म्हणत त्यांनी छर्रा झाडला. पक्षी खडकावर आपटला, एक पंख लोंबू लागला. काकांनी उचलताच त्याने त्यांच्या अंगठ्यात चोच खुपसली. त्यांनी शिवी हासडून त्याची मान पिरगाळली, त्याच्या कानाजवळचं रक्त बोटाने पुसलं आणि डोकं उन्हात धरलं. पिसं नारिंगी होती. पक्षी पाण्यात भिरकावून ते माझ्याकडे न बघता चालू लागले. मला कोणीच रागावलं नाही. आता मी दुर्बीण घेऊन पक्षी बघत हिंडते. कान नीट दिसले नाहीत, तर वहीत ‘खंड्या’ एवढंच लिहिते.