उभ्या नातीचा आडवा फोटो

आमच्या गल्लीच्या टोकाला, जिन्याखाली, झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान कसलं, एक मशीन, एक कॉम्प्युटर आणि मधे कशाबशा मावलेल्या बाई. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढले, निवृत्त झाल्यावर हे थाटलं. बोलणं अगदी मोजकं. मला आधी वाटायचं, बाई भारी शिष्ट आहेत. आता त्यांच्याबद्दल कुणी वाकडा शब्द काढून बघावा, गाठ माझ्याशी आहे.

झालं असं. माझी नात चार वर्षांची, डावा पाय गुडघ्यातून आत वळलेला. मोठ्या दवाखान्यात बाहेरचे सर्जन येणार होते आणि वीसच मुलं तपासणार होते. यादीत नाव लागायला मुलाचे उभे फोटो ईमेलनं मागवलेले, एक समोरून, एक पाठमोरा. मागे पांढरं, कोरं काहीतरी हवं. आमच्या भिंतीला ओल, म्हणून सुनेनं दोरीवर पांढरी चादर ताणली. पोरगी आधाराशिवाय उभी राहिली, मी दहा मोजेपर्यंत! मग मटकन बसली आणि रडायला लागली. तेवढ्यात निघालेले दोन फोटो आम्ही पाठवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं, "झोपवून काढलेले फोटो चालत नाहीत. उभे फोटो आज पाचच्या आत पाठवा."

माझं डोकंच फिरलं. झोपवून? सुनेनं फोन लावला, तर तिथला कारकून म्हणे, आमच्याकडे आडवेच दिसतात, मागे चादर आहे, आम्ही काय समजायचं? पोरीला परत उभं करावं, तर गुडघा सुजून टम्म झालेला. मग मीच मोबाईल घेतला आणि दिसेल ते बटण दाबलं. पाच वेळा फिरवून पाठवलं, फोटो आडवा तो आडवाच. जन्मभर बसची इंजिनं खोलली मी, पण त्या एवढ्याशा डबीपुढे हात टेकले.

साडेतीनला बाईंचं दुकान गाठलं. त्यांच्या पडद्यावरही नात आडवी!

"अहो बाई, मोबाईलमध्ये उभी आहे हो ती!" मी ओरडलोच.

"काका, ओरडू नका. ती उभीच आहे," बाई म्हणाल्या. "मोबाईल कसाही धरा, आतला कॅमेरा चित्र ठरलेल्या एकाच बाजूनं टिपतो. सोबत चिठ्ठी ठेवतो, वरची बाजू कुठली याची. तुमचा मोबाईल ती वाचतो, पलीकडे कुणी वाचत नाही. तुम्ही फिरवलंत, तेव्हा नुसती चिठ्ठी बदलली. आता चित्रच फिरवते आणि नव्यानं साठवते. मग चिठ्ठी लागतच नाही."

दोन टिचक्या, आणि पोरगी उभी! मी तोंडात बोट घालून बघत राहिलो. कालच्या त्या दहा आकड्यांतलं काहीच हरवलं नव्हतं. कुठली बाजू वर, हे सगळं त्या फोटोच्या पोटात होतं आणि मला ठाऊकच नाही!

मी म्हणालो, पाठवा लवकर. बाईंचा हात मात्र थांबला.

"पाय कोणता?"

"डावा."

"पाठमोऱ्या फोटोत डावाच आहे. समोरच्यात उजवा कसा झाला? काका, तुम्ही आरशाचं बटण दाबलंत."

घाईघाईत मीच पोरीचा चांगला पाय वाकडा करून ठेवला होता!

बाई रागावल्या नाहीत. पहिल्या ईमेलमधून मूळ फोटो काढला, सरळ केला. आधी स्वतःलाच पाठवून दोन ठिकाणी उघडून पाहिला. मग दोन्ही फोटो दवाखान्याला पाठवले, खाली लिहून, "दोष डाव्या पायात."

"प्रत्येक एक्स-रेवर शिशाचं अक्षर ठेवायचे," त्या म्हणाल्या. "डावं-उजवं कळायला. तीस वर्षांत एकदाही विसरले नाही."

पावणेपाचला उत्तर आलं. नाव यादीत लागलं! चार गिऱ्हाइकांसमोर मला रडू फुटलं.

"बाई, कसे उपकार फेडू तुमचे?"

"पाय कोणता लिहिलाय त्यांनी? मोठ्यानं वाचा."

"डावा."

"पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं. तेव्हा कुठे बाई खुर्चीला टेकल्या, आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा कागद मागून घेतला.